गोठ्याचं सागवान

मोहनसेठ ओसरीच्या खांबांवर मुठीनं ठोकून बघत होता आणि सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या मुठीकडे बघत होत्या.

"ओव्हरसियरसाहेब, माल अस्सल आहे," सेठ मला म्हणाला. "तुमच्या किमतीपेक्षा जास्त देतो. पण घर पूर्ण खोलून नेणार."

खोलून म्हणजे पाडून. सेठ लाकडाचा ठेकेदार. मी घरांची व्हॅल्युएशन करायचो, म्हणजे पाहणी करून किंमत काढून द्यायचो. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, ऑफिसं हलली, बाबू लोकांच्या बदल्या निघाल्या. यवतमाळच्या त्या गल्लीत एकदम इतकी घरं विकायला निघाली, की घेणारा मिळेना. भाव असे बसले की विचारू नका! लाकडाचे मात्र चढले. घराच्या किमतीतून घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, वजा करतात. सागवानाला कसला आलाय घसारा? त्यामुळे उभ्या घरापेक्षा पाडलेलं घर महाग, असा उफराटा जमाना होता तो.

मालक मनोहरराव, सुशीलाबाईंचे यजमान, कचेरीत हेडक्लार्क. त्यांना मुंबईत खोलीसाठी पागडी भरायची होती. ते सेठला हो म्हणायच्या बेतात होते.

"अहो, राहणाऱ्याला द्या ना," सुशीलाबाई म्हणाल्या. "एकेक खांब मी निवडून घेतलाय. माझ्या डोळ्यांदेखत नका पाडू."

राहायला घर घेणारा एकच होता. हिरामण, घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरचा शेतकरी. तांड्यात मोठं काही घ्यायचं तर नाईकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय घेत नसत. म्हणून म्हातारे नाईक सोबत आले होते. बाईंनी बोलावल्याशिवाय दोघं ओसरी चढले नाहीत.

"कायले एवढं मोठं घर?" मी हिरामणला विचारलं.

"पोराइले शिकवाचं हाय साहेब. माह्ये दोन, अन् तांड्यातले जे येतीन ते. माह्यी बायको रांधून घालीन."

"सेठ जास्त देतो म्हणतो."

हिरामणनं नाईकांकडे पाहिलं. नाईकांनी मान हलवली. "आमचं सारं जमवून तुमच्या किमतीएवढंच होते, बाप्पा."

मनोहरराव पुन्हा पागडीचा हिशेब मांडत बसले. माझं व्हॅल्युएशनचं पुस्तक तिथं संपलं होतं.

तेवढ्यात सुशीलाबाई म्हणाल्या, "मागचा गोठा सेठना द्या. गाय तर मी विकलीच. गोठ्याचे खांब घराच्या खांबांहून जाड आहेत. तेवढ्यानं भागेल का हो?"

मी गोठा मोजला. हिरामणची आणि गोठ्याची, दोन्ही रकमा मिळून सेठच्या बोलीपेक्षा थोड्या कमीच भरल्या, पण पागडी निघत होती. मनोहरराव पहिल्यांदा हसले. सेठ कुरकुरला, "मलई ठेवली, ताक दिलं मले!" पण घेतला.

"अन् तुह्ये बैल?" मी हिरामणला विचारलं.

"बजाराच्या दिशी येतीन तं लिंबाखाली बांधीन. पोरं छपराखाली असले म्हंजे झालं."

पुढे साठ सालानंतर भाव वर गेले. त्या गल्लीतली निम्मी घरं तोवर पाडून झाली होती. सुशीलाबाई एका लग्नाला यवतमाळात आल्या आणि मला म्हणाल्या, "घर नुसतं बाहेरून दाखवा." टांगा थांबला. ओसरीवर सात-आठ पोरं मोठ्यानं पाढे म्हणत होती. हिरामणच्या बायकोनं बाईंना लगेच ओळखलं.

"बाहीर काहून उभ्या बाई? घरात या नं. तुमचंच हाय."

बाई आत गेल्या, प्रत्येक खांबाला हात लावून आल्या, चहा घेतला. रडल्या त्या परतताना टांग्यात. मी रस्त्याकडे बघत बसलो.

किंमत काढायची मला फी मिळायची आणि ती मी चोख काढायचो. पण घर कोणाला द्यायचं, हे व्हॅल्युअरला विचारू नये. ते घरच्या बाईला विचारावं.