आहेरकाकांचा खुबा

मशीन बिघडलं की आहेरकाका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि सांगायचे, "बेअरिंग रडतंय." आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या पंपापासून माझ्या मिक्सरपर्यंत सगळ्यांची दुखणी त्यांनी अशीच ओळखली. देवळ्याकडचा हा माणूस सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासत होता.

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा खुबा बदलला. धातूची वाटी, तिच्यात धातूचाच गोळा. दीड वर्ष छान गेलं. मग जांघेत दुखायला लागलं, जिना चढताना आतून करकर ऐकू यायला लागली. दवाखान्यात मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे नॉर्मल आहे. वय झालं आता, काका."

"माझं झालं, कबूल. पण सांधा दीड वर्षाचा हाय. त्याचं काय वय झालं?"

घरी येऊन त्यांनी फाइल काढली. ऑपरेशनच्या कागदावर सांध्याच्या नंबराचं स्टिकर होतं. मी मोबाइलवर शोधलं, तर तोच सांधा परदेशात बाजारातून परत मागवलेला. काकांनी स्टिकरवरचा नंबर पुन्हा ताडून पाहिला. "धातूवर धातू घासला की चुरा पडणारच," ते म्हणाले. "हे आमच्या झाडूवाल्यालाबी ठाऊक होतं." त्यांनी हट्टानं रक्त तपासून घेतलं. सांध्याच्या धातूतलं कोबाल्ट रक्तात कितीतरी वाढलेलं निघालं.

दुसऱ्या डॉक्टरांनी तो सांधा काढून दुसरा बसवायचं ठरवलं. संमतीपत्रावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'काढलेला सांधा मला परत मिळावा.' ऑपरेशनमध्ये दिसलं, आत सांध्याभोवतीचं मांस काळं पडलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सांधा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फळं घेऊन आला. सगळा खर्च देतो म्हणाला. फक्त सांधा आमच्याकडे द्या आणि याबद्दल कुठं बोलणार नाही, एवढी सही करा.

काका कण्हत उठून बसले. "खोट निघाली तर आम्ही माल थांबवायचो. गिऱ्हाइकाचं तोंड नाय!" त्यांच्या बायकोनं, सिंधूकाकूंनी, फळांची पिशवी त्या माणसाच्या हातात परत दिली.

पाय चालायला लागल्यावर काका त्याच नंबरचा सांधा बसवलेले लोक शोधत फिरले. मनमाडचे एक निवृत्त गार्ड सापडले, मालेगावच्या एक शिक्षिका सापडल्या, असे सातजण झाले. ग्राहक आयोगाकडचे सगळ्यांचे अर्ज मी लिहिले. सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, "तक्रारदार तर चांगले उभे आहेत."

"उभा हाय तो दुसऱ्या सांध्यावर," काका म्हणाले. "तुमचा डबीत हाय. दाखवू?"

गेल्या थंडीत हृदयविकारानं काका गेले. पुढच्या तारखेला त्याच वकिलांनी मागणी केली, तक्रारदार हयात नाहीत, त्यांची तक्रार बंद करावी. मागच्या बाकावरून सिंधूकाकू उठल्या. चारचौघांत त्यांचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"मी शे ना अजून," त्या घरच्या अहिराणीत म्हणाल्या. "यांच्या जागी माझं नाव लिहा."