दादाचा क्लच आणि माझा पाय

...ते राहू दे गं, माझ्या लग्नाचं नंतर लिही. आधी तुझ्या मामाआजोबांचं लिहून घे. काल त्यांची सून फोनवर सहज बोलून गेली, "आत्या, आज पेडल मारायला मीच बसले होते, बाबा पिकअपच्या क्लचची हवा काढत होते." ती हसत होती. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघ.

मामाआजोबा म्हणजे माझा थोरला भाऊ, हे घाल. वाचणाऱ्याला काय माहीत? मी दादा म्हणते. गाड्यांचा मिस्तरी. सगळा बाजार त्याला फिकीरनॉट म्हणायचा, आणि ते काही कौतुकानं नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडणार, जॅकवर उचललेल्या गाडीखाली खुशाल डुलकी काढणार. आई म्हणायची, याला करताना देव भीती घालायला विसरला. त्याच्या वाटणीची सगळी मला घातली, हे मी सांगते.

गॅरेज म्हणजे दोन खोल्या आणि पुढं अंगण. अंगण रस्त्याकडे उतरतं. बादली उलटी केली की पाणी सरळ गटारात. आमचं घर भिंतीपलीकडं. हाताखाली माणूस ठेवायचा नाही, म्हणायचा, मी एकटाच चौघांचं करतो. पण क्लचची हवा काढायला दोन माणसं लागतातच. मग भिंतीवरनं हाक, "चिमणे, ये गं पाय घेऊन." जसा काही पाय मी घरी ठेवूनच फिरते.

आता हवा म्हणजे काय ते लिही. असल्या गाड्यांचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबला की तेल नळीतनं खाली जातं, खालच्या सिलिंडरला ढकलतं आणि इंजिन चाकांपासून सुटं होतं. नळीत हवा शिरली की पेडल नुसता लोण्यासारखा. थेट खाली जातो, आणि होत काहीच नाही. मग वर बसलेल्यानं दाबत राहायचं, दाबून धरायचं. खाली आडवा पडलेला मिस्तरी पान्यानं निपल, म्हणजे सिलिंडरवरची हवा सोडायची बारकी नळी, जरा ढिली करतो, फेस आणि तेल बाहेर येतं, परत घट्ट करतो आणि म्हणतो, सोड. त्याआधी पाय हलला तर हवा परत आत. एकदा माझा पाय आधी उचलला गेला होता. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तेव्हापासून मी सोड ऐकल्याशिवाय हलायची नाही.

ही गोष्ट कितीतरी वर्षांपूर्वीची. त्या दिवशी पिकअप होती पाण्याचे जार पोचवणाऱ्याची. खालचा सिलिंडर गळत होता. दादानं तो उघडून आतली रबरं बदलली, परत बसवला, क्लचच्या तेलाच्या डबीत नवं तेल भरलं. गाडीवाला चहाला गेला. जाताना सांगून गेला की हँडब्रेकची तार कधीचीच तुटलीय. सांगितलं बरं का त्यानं, त्याचा दोष नाही. आणि चाकाला लावायचे लाकडी ठोकळे दोन्ही दुसऱ्या जीपखाली अडकलेले, तिची चाकं काढली होती.

मी चढताना विचारलं, चाकाला काही लावलंस का. तर म्हणाला, गिअरमध्ये टाकलीय, बंद गाडी गिअरमध्ये असली की जागची हलत नाही, तू बस मुकाट. गाडीचं तोंड भिंतीकडं, पाठ उताराकडं, पण खरंच हलत नव्हती. मी बसले. तो डाव्या बाजूनं आत सरकला, पुढच्या चाकाच्या मागं, पाय बाहेर. मला डाव्या आरशात त्याच्या चपला दिसत होत्या.

दाब, दाब, दाब, धर. सोड. दाब, दाब, दाब, धर. सोड. असं किती वेळा झालं देव जाणे. मांडी भरून आली. आणि एकदा दाबला तर पेडल कडक लागला. मला आनंद झाला, म्हणाले, दादा, कडक झाला. आणि समोरची भिंत लांब जायला लागली.

भिंत कशी जाईल? गाडी मागं चालली होती.

क्लच दुरुस्त झाला होता गं, हाच घात. मऊ होता तोवर गिअरनं चाकं धरून ठेवली होती. कडक झाला, मी दाबून धरला, आणि चाकं मोकळी सुटली. दादानं गाडी नीट केली आणि ती गाडी त्याच्याच अंगावर निघाली. ब्रेक कुठला हे मला ठाऊक नाही. आरशात त्याचे पाय झाडतायत, एक चप्पल उडाली, आणि त्याच्या तोंडून शब्द नाही. सोड पण नाही.

मग गाडीला हिसका बसला आणि थांबली. माझा पाय पेडलवर नव्हता, गिअरनं चाकं परत धरली होती.

खालनं आवाज आला. इतका हळू आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"चिमणे, परत दाबू नकोस. कशालाच पाय लावू नकोस. खाली उतर."

उतरायला गेले तर शाल गिअरच्या दांड्यात अडकलेली. ओढली असती आणि दांडा गिअरमधनं निसटला असता तर? शाल तशीच लटकत ठेवली, त्यातनं अंग काढून घेतलं आणि उतरले. चाक त्याच्या मांडीला टेकलं होतं. पँट आणि थोडी कातडी चाकाखाली. कोपऱ्यातली जुनी बॅटरी मी ओढत आणली, मागच्या चाकामागं सारली. मग हत्यारांची पेटी. कुठनं ताकद आली कुणास ठाऊक. मग त्यानं पेटीतल्या करवतीच्या पात्यानं पँट कापली आणि बाहेर सरकला. मांडी निळी पडली होती. पाण्याचा तांब्या दिला तर दातांवर वाजत होता. फिकीरनॉट तेव्हा घाबरला होता, मी पाहिलंय.

पण आठवड्यात विसरला. आणि वर गावभर सांगत सुटला, माझ्या बहिणीनं डोकं चालवलं, बरोबर वेळी पाय उचलला, पेडलवर माणूस हुशार पाहिजे, मग खाली मिस्तरीला कसली भीती. तोच त्याचा नियम झाला. वहिनी होती तोवर तीच चाकांना दगड लावायची, त्याला न विचारता. ती गेली. आता सून बसते, आणि तिलाही तो हीच गोष्ट सांगतो, आत्यासारखं लक्ष ठेव म्हणून.

आता हे नीट लिही, काही गाळू नकोस. मी पाय उचललाच नव्हता. मी त्याच्या सोडची वाट बघत होते. भिंत लांब जात होती, आरशात त्याचे पाय दिसत होते, आणि मी मनात म्हणत होते, अजून म्हणाला नाही, आता हलले तर ओरडेल. पाय लटपटत होता, चप्पल तेलानं बुळबुळीत झाली होती, निसटला. बस एवढंच. हुशारी कसली? इतकी वर्षं कौतुक ऐकून घेतलं मी. कुणाला नको असतं कौतुक?

फोन नको करूस, फोनवर तो हसण्यावारी नेतो. तू जा, समोर बसून वाचून दाखव, सुनेच्या देखत. त्याला सांग, चिमणीचा पाय निसटला म्हणून तू वाचलास. आणि सुनेला वेगळं सांग, चाकांना ठोकळे लागलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडीत चढायचं नाही, सासरा कितीही ओरडू दे. आजच जा.