एक बदलून मिळणार नाही

आत्याने एका साहेबांना गाडीत बसवलं, गाडी जॅकवर चढवली, चार तास हवेत टांगून ठेवली आणि कान धरायला लावल्याशिवाय खाली उतरवली नाही, अशी गल्लीत बोलवा आहे. सांगणारा दर वेळी अर्धा तास वाढवतो. शिंप्याच्या दुकानात ऐकलं तर साहेब रडलेसुद्धा.

खरं असं, की साहेब गाडीत नव्हते, बाकावर होते. दोनदा चहा मिळाला त्यांना. गाडी हवेत होती दोन तास वीस मिनिटं. कान कुणी कुणाचे धरले नाहीत. टांगणीला कुणी लागलंच असेल, तर ती आत्या.

गॅरेज तिच्या थोरल्या भावाचं. पाटीवर नाव दादाचं, पान्यांवर बोटांचे ठसे आत्याचे. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा दादा गिऱ्हाइकं सांभाळायला शिकला आणि आत्या वडिलांच्या सांगण्यावरून बोल्ट चाचपायला. आता ती पन्नाशीची आहे. काटकुळी, चष्मा दोरीने गळ्यात, आणि एकदा पाय रोवला की घण घातला तरी हलणार नाही. लोक तिला जॅकबाई म्हणतात. तोंडावरच म्हणतात, कारण पाठीमागे म्हटलेलं तिला आधी ऐकू येतं.

तिचा कायदा एकच. पुढच्या चाकांचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे दणके खाणारे दांडे, बदलायचे तर जोडीने. डावा गेला म्हणून नुसता डावा, हे तिच्याकडे चालत नाही. तरुणपणी एकदाच, भिडेखातर, दूधवाल्याला एक बदलून दिला होता. आठवड्याने खड्ड्यांच्या वळणावर गाडी एका अंगाला भेलकांडली. दूध गटारात, दूधवाल्याचा खांदा प्लास्टरमध्ये. तो बिचारा आत्यालाच म्हणाला, "रस्ताच वाईट हो." शिव्या दिल्या असत्या तर तिला कमी लागलं असतं.

तर साहेब. एका कंपनीच्या वीस गाड्या त्यांच्या ताब्यात. त्या आपल्याकडे याव्यात म्हणून दादा वर्षभर त्यांना दिसतील तिथे नमस्कार घालत होता. साहेबांना नाही म्हणायचं असलं तरी सुरुवात 'ओके ओके ओके'नेच. एका दुपारी त्यातली एक गाडी घेऊन ते आपणहून आले.

"डावीकडून खडखड येतेय. शॉकअपचं तेल गळतंय. तेवढा एक बदला. चारला मीटिंग आहे."

"दोन्ही बदलावे लागतील," आत्या म्हणाली.

"ओके ओके ओके. एकच."

"एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात झिजलेली चप्पल घालून मीटिंगला जाता का साहेब?"

"धाकटे," दादा म्हणाला. चिडला की त्याचा आवाज चढत नाही, गोड होतो. "म्हणजे कसंय, साहेब म्हणतायत ना एक. आपण एक करू."

"मग तू कर."

दादाने शेवटचा पाना धरल्याला बारा वर्षं झाली होती. तो तिला टायरांच्या ढिगामागे घेऊन गेला. "वीस गाड्या आहेत, धाकटे. हा माणूस फिरला, तर उद्यापासून तू काउंटरवर. पान्याला हात लावायचा नाही. शपथेवर सांगतोय."

"उद्यापासून ना? मग आज हो बाजूला."

आणि तिने गाडी उचलली, लोखंडी घोडीवर टेकवली आणि दोन्ही चाकं काढली. साहेब बाकावरून उठले. "उजवं का काढलंत?"

"त्याला एकट्याला बरं नाही वाटत."

मग खालचे दोन बोल्ट, वर बॉनेटखालचे तीन नट, आणि डावा शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर आला. स्प्रिंगला दोन बाजूंनी शिकंजे लावून ती आवळू लागली. चार आटे इकडे, चार आटे तिकडे, तोंडाने मोजत. साहेब वाकून बघायला आले.

"मागे व्हा साहेब. ही सुटली तर हुद्दा विचारत नाही."

साहेब मागे झाले. दादाही झाला.

दोन्ही जुने शॉकअप तिने फरशीवर उभे केले, शेजारी नवा. "दाबा," ती साहेबांना म्हणाली. साहेबांनी डावा दाबला. तो खाली गेला आणि तिथेच बसला, जेवून सुस्तावलेला पाहुणा बसावा तसा. मग उजवा. हा कोरडा ठणठणीत, तेलाचा थेंब नाही. तोही गेला, आणि जांभई देत अर्धाच वर आला. नव्याने मात्र साहेबांचा तळवा मागे ढकलला.

"ओके," साहेब म्हणाले. एकदाच.

साहेबांना पटलं होतं, आणि तेच झोंबलं. गाडी जमिनीवर आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आत्याने बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली. साहेब किल्ली घेताना दादाला म्हणाले, "काम बरोबर असेल तुमचं. पण जिथे माझं ऐकत नाहीत, तिथे मी पुन्हा येत नाही."

दादाने शपथ पाळली. दुसऱ्या दिवशी आत्या काउंटरवर. रुसली नाही, रडली नाही, पेन कानामागे लावून बसली. गॅरेजसमोरच गतिरोधक आहे. त्यावरून गाडी गेली की मान वर न करता आत्या बोलायची, "पुढचा उजवा गेलाय." "याचं चाक ढिलं आहे, थांबवा त्याला." हाताखालचा मेकॅनिक दर दहा मिनिटांनी पाना घेऊन काउंटरशी उभा. दादा धुमसला तर म्हणाली, "हात लावू नको म्हणालास. तोंडाचं काही ठरलं नव्हतं."

दुपारी भाची, दादाची लेक, डबा घेऊन आली. घरातल्यांच्या नकला करण्यात ती पटाईत. म्हणाली, "साहेब काही आता येत नाहीत."

"पंधरा दिवसांत येतील. दुसरी गाडी घेऊन."

"लाव पैज."

"हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद. शिंप्याच्या दुकानात, शाळेत, जिन्यात. माझीही आणि दादाचीही."

"आणि तू हरलीस तर?"

आत्याने चष्मा उतरवला. "एकच शॉकअप बदलून देईन. म्हणेल त्याला."

भाचीने टाळी दिली खरी. बारा दिवस ती मनातून पैज हरण्याचीच वाट बघत राहिली, पण हे तिने कुणाला सांगितलं नाही.

तेराव्या दिवशी गतिरोधकावरून गाडी गेली. डावीकडून 'टुप', उजवीकडून 'खडाडम्'. "कुणीतरी एकच बदललाय," आत्या पावत्या लावता लावता म्हणाली. गाडी पुढे जाऊन मागे आली. साहेब उतरले.

"घाईत दुसरीकडे करून घेतला," ते दादाला म्हणाले. "आता ब्रेक मारला की गाडी तोंड वाकडं करते."

"म्हणजे कसंय साहेब, बसा ना. किती बदलायचे?"

"ओके ओके ओके. ते त्या बाईंना विचारा. आणि त्यांनाच करू द्या."

दादाने काउंटरकडे पाहिलं. आत्याने पावत्यांकडे. "मला पान्याला हात लावायचा नाहीये," ती म्हणाली.

दादा आत गेला. पाना घेऊन आला, तोही फडक्याने पुसून. "धाकटे, घे."

"शपथ?"

"म्हणजे कसंय..."

"कसंय?"

"मोडली."

आत्याने पाना घेतला आणि आधी गाडीची दोन्ही चाकं काढली.

पैज हरलेली भाची म्हणजे हे लिहिणारी. महिना संपायला अजून एकोणीस दिवस आहेत, तोवर नक्कल बंद. यादीत शिंप्याचं दुकान होतं, शाळा होती, जिना होता. कागद नव्हता.