विषय : मान्यता मिळणेबाबत

शंभर हा आकडा दिसला की आपल्याकडच्या माणसाला पेढे आठवतात. शाळेची शताब्दी, वाचनालयाची शताब्दी, कुणाच्या तरी आजोबांची शंभरी. त्यामुळे दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये आमच्या मस्कतच्या ऑफिसातले मुख्य ड्राफ्ट्समन एक दिवस खिशावर जांभळ्या फुलाचा बिल्ला लावून आले आणि त्यावर मला शंभर हा आकडा दिसला, तेव्हा मी कुणाला काही न विचारता दुपारच्या सुट्टीत रुवीच्या बाजारात गेलो, अर्धा किलो पेढे आणले आणि त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणालो, "मबरूक, अभिनंदन, उस्ताज! कसली शंभरी?"

उस्ताज, म्हणजे गुरुजी, असं ऑफिसात सगळे त्यांना म्हणायचे; ते बैरूतचे आर्मेनियन. त्यांनी एक पेढा उचलला, सावकाश संपवला, बोटं पुसली आणि मग सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी ऑटोमन राजवटीत त्यांच्या लोकांची कत्तल सुरू झाली. गावंच्या गावं रिकामी करून बायकामुलांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यांची आजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला पाच भाऊ होते. अनाथाश्रमापर्यंत ती एकटी पोचली.

मी पेढ्यांचं खोकं उचलायला हात पुढे केला. टेबलाखाली जायची सोय असती तर तिथेही गेलो असतो.

"खोकं ठेव," ते म्हणाले. "पेढ्याने काय केलंय?"

लाज झाकायला माणूस मोठं बोलतो. मी विचारलं, "उस्ताज, मी काही करू शकतो का?" मला वाटलं होतं, ते नको म्हणतील.

"हो तर! तुझं सरकार याला अजून अधिकृतपणे नरसंहार म्हणत नाही. बरीच सरकारं म्हणत नाहीत. तुझ्या खासदाराला पत्र लिही आणि एक प्रत मला दे." त्यांची आई, वय वर्षं चौऱ्याऐंशी, बैरूतच्या चर्चच्या हॉलमध्ये अशा पत्रांच्या प्रती देशवार फायलींत लावायची. भारताची फाईल तिने तीन वर्षांपूर्वी उघडली होती. आत एकही कागद नव्हता. शंभराव्या स्मृतिदिनासाठी ते गुरुवारी बैरूतला जाणार होते आणि आईसमोर त्या फायलीत घालायला त्यांना एक तरी पत्र हवं होतं.

मी जोशात म्हणालो, "एकच कशाला? ऑफिसात सह्यांची मोहीमच काढू!"

"हबीबी, इथे नाही. इथे आपण दोघेही पाहुणे. तू तुझ्या घरी, भारतात लिही."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरा इन्शाल्ला, की 'उद्या नक्की' म्हणून कधीच न येणाऱ्या आपल्या मेंटेनन्सवाल्यांचा?"

सीब भागातल्या आमच्या घरी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. आयुष्यात मी एकाच प्रकारचं पत्र लिहायला शिकलो होतो, त्यामुळे ते झरझर उतरलं. "विषय : आर्मेनियन नरसंहारास अधिकृत मान्यता मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की..." शेवटी "आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी". खाली झोकदार सही. लग्नाआधी सहा वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळलेल्या बायकोपुढे ते मोठ्या विश्वासाने ठेवलं.

तिने चवळीच्या शेंगा मोडता मोडता वाचलं. "अहो, हे काय? नळजोडणी मागताय?"

"अर्ज असाच असतो."

"विषय चांगला आहे, राहू दे. पण यात मेलं कोण? त्या आजींचं कुठे काय आहे? भावांची नावं?"

नावं मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी उस्ताजना विचारली, तर त्यांनी डोळे मिटून पाढे म्हणावेत तशी पाचही एका दमात म्हटली. जेवणाआधी आजी प्रत्येक नातवाकडून ती म्हणवून घ्यायची. एक चुकलं की पहिल्यापासून. "भूक लागलेली असायची," ते हसत म्हणाले, "त्यामुळे पाठ पटकन व्हायचं." ती देवनागरीत उतरवताना मी तीन वेळा खाडाखोड केली आणि त्यांनी तीन वेळा पहिल्यापासून म्हणून दाखवली.

बुधवारी पक्कं पत्र पोस्टात टाकलं आणि प्रत त्यांच्या हातात दिली. ते कागद उलटसुलट बघत राहिले. "तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. माझे आजोबा-लोक कुठे आहेत?" मी एकेका नावावर बोट ठेवलं. ते माझ्या बोटामागून आपलं बोट नेत गेले. पाचव्या नावाशी थांबले, कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "यल्ला, चहा."

बैरूतहून परतले ते आईचा निरोप घेऊन. फाईल आता रिकामी नाही, पण एका कागदाने ती उभी राहत नाही, शेल्फवर आडवी पडते.

खासदारांचं उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. जुलैत ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये पाकीट आलं. आत दोन ओळी : आपले पत्र प्राप्त झाले असून पुढील विचारार्थ संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. बाजूला गोल शिक्का आणि निळ्या शाईत आवक क्रमांक. असली उत्तरं मी जन्मभर पाहिली होती. दाखवायचीही लाज वाटत होती, पण दाखवलं.

"हा आकडा कसला?"

"काही नाही हो. पत्र त्यांच्या रजिस्टरमध्ये चढलं, इतकंच."

"नावांसकट?"

"पत्र फायलीला लागलं असेल. म्हणजे नावांसकटच."

"सरकारी फायलीत? पाचही?" आणि ते साठीचे गृहस्थ नकाशे छापायच्या प्लॉटरच्या खोलीत दोन्ही हात वर करून नाचले. तिथला मल्याळी ऑपरेटर मला विचारत होता, "साब, इनको लॉटरी लगा क्या?" त्यांनी उत्तराच्या चार झेरॉक्स काढल्या.

घरी येऊन हे बायकोला रंगवून सांगितलं. वर शहाण्यासारखं म्हणालो, "बिचाऱ्यांना कळत नाही. मान्यता वगैरे काही मिळालेली नाही."

तिने उत्तर हातात घेतलं, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "नाहीच मिळालेली. पण क्रमांक पडला म्हणजे आता त्यांना कागद सापडत नाही म्हणता येणार नाही. बसा. वर डाव्या हाताला हा क्रमांक घाला, संदर्भ म्हणून. आणि हे बघा, दर महिन्याला एक गेलं पाहिजे. त्या म्हातारीची फाईल उभी राहीपर्यंत तरी."