भगवानचा वाटा

आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात गोमाजी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध: मिशा, आणि बायकोचा धाक. मिशा तो रंगवतो, पण हे माझ्याकडून कळलं असं म्हणू नका. तिसरी गोष्ट मात्र कोणी मोठ्यानं बोलत नाही. त्याचा धाकटा भाऊ भगवान खाडीत बुडाला, देह काही सापडला नाही. म्हणून गोमाजीनं त्याचे दिवसच घालू दिले नाहीत. होडीवर आता तो आणि मुलगा दिपेश, दोघंच. तरी म्हावऱ्याचे, म्हणजे मासळीचे, वाटे पडतात तीन. तिसरी टोपली संध्याकाळी होडीत भगवानच्या बसायच्या फळीवर ठेवायची. सकाळी ती रिकामी. मांजरं खातात, असं गोमाजीची बायको मनुबाई म्हणते. तेही दिवसाउजेडीच.

गेल्या चैत्रात गोमाजीच्या मुलीला, प्राप्तीला, कॉलेजातून संख्याशास्त्राचा प्रकल्प मिळाला. तिनं आठवडाभर म्हावरं तोललं. किलोत नऊ, सहा, बारा, नऊ, चोवीस, नऊ, पंधरा. मग ओट्यावर बापाला शिकवायला बसली. मी आपला शेजारी, कान देऊन.

"चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो नऊ, तो मध्यक. सगळ्यात जास्त वेळा आलेला तोही नऊच, तो बहुलक. बेरीज चौऱ्याऐंशी, भागिले सात, रोजची सरासरी बारा. म्हणजे माणशी सहा."

"चार," गोमाजी म्हणाला.

"बाबा, बाराला दोननं भागायचं."

"आमी तीन जन हाव."

"अहो, होडीत असतील तेवढेच धरतात. काका कसा धरणार?"

"म्हंजे तो मेला, असा लिवतेस?"

आतून मनुबाई कडाडली, "लिवू दे तिला! मिशा काल्या केल्या म्हनून अक्कल येते का? सोडा आता त्याला. त्यालाबी सुटू दे."

गोमाजी खाडीकडे पाठ करून बसला. मग म्हणाला, "लिव दोन."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच दोन वाटे पडले. प्राप्तीनं वहीत सहा लिहिले.

सकाळी बापलेक होडीकडे निघाले, मी मागोमाग. मला काय काम होतं, विचारू नका. ओहोटीला होडी चिखलात वर बसलेली, आतून खडखडीत कोरडी. फक्त भगवानची फळी ओली. एक माणूस बसेल तेवढीच.

"दव असेल," दिपेश पुटपुटला.

गोमाजीनं बोट फिरवून जिभेला लावलं. मीही हळूच लावून पाहिलं. दव काय खारट असतं?

घरी येऊन तो प्राप्तीला एवढंच म्हणाला, "बाय, चार कर."

प्राप्तीनं सहावर काट मारली. आणि मनुबाई, जिच्या तोंडाला अख्खा कोळीवाडा भितो, ती काही न बोलता तिसरी टोपली धुवायला घेऊन गेली.