न गाळलेलं तीर्थ

मायाक्काच्या दारात कुणी पाणी सांडलं की ती आधी त्या जागेला हात लावून नमस्कार करायची, मग सांडणाऱ्याला शिव्या द्यायची. मंद्रूपच्या पलीकडच्या त्या गावात पायऱ्यांची एकच विहीर. पाण्यालगतच्या कोनाड्यात साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, म्हणजे शेंदूर लावलेले सात धोंडे. त्यांची पूजा मायाक्काच्या सासूकडून तिच्याकडे आली होती. नवरा गेला, मेंढरं गेली, पण शुक्रवारचा दहीभात कधी चुकला नाही. "ही भुई आपली आय," ती म्हणायची, "आन् पानी तिचं दूध. आयच्या अंगावर कुनी चपला घालून चढतं का रं?"

एकोणीसशे तीसच्या चैत्रात तिच्या घोट्याला फोड आला. फुटला तेव्हा आतून पांढरं सूत डोकावलं. नारू, कातडीखाली वाढणारा लांब जंत. शेजारची बाळाबाई रोज ते सूत बोटभर ओढून काडीला गुंडाळायची आणि म्हणायची, "आक्का, मेंढरं गेली तर गेली, आता पायातनंच लोकर काढ की!" हसता हसता मायाक्काचे डोळे भरायचे. पाय नुसता पेटलेला. एका शुक्रवारी पूजेला ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि आग क्षणात विझली. कोनाड्यापुढं तिनं कपाळ टेकलं. आसरांनी हात फिरवला, दुसरं काय? ती नवस बोलली, सूत सुटेपर्यंत रोज पाण्यात उभी राहून पूजा करीन.

महिनाभर तिनं तो पाळला.

तिची एकुलती लेक अंबू तेव्हा पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. घरचं पिण्याचं पाणी मायाक्का फडक्यातून गाळूनच घागरीत घ्यायची. तीर्थ मात्र तिथल्या तिथं ओंजळीत भरून वर आणायची आणि लेकीच्या तोंडाला लावायची.

"आये, ह्यात काय तरी वळवळतंय," अंबू एकदा म्हणाली.

"गप पी. देवाचं पानी कुनी गाळतं व्हय? आसरांना संशेव दावायचा न्हाय."

अंबू डोळे मिटून प्याली. आषाढात तिला मुलगी झाली. आजीनं नातीचं अंग त्याच विहिरीच्या पाण्यानं धुतलं. लेक सासरी गेली तेव्हा मायाक्काचा पायही बरा झाला होता.

पुढच्या चैत्रात जावयाच्या बैलगाडीतून अंबू परत आली. गुडघ्याला नारू, आणि ओढताना तो आतच तुटलेला. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप उतरेना. "आये, मला पान्यात उबी कर की, तुला बरं वाटलं हुतं तसं," ती विनवत होती. पण असल्या पायानं तिला त्या पायऱ्यांवरनं उतरवायचं कसं? नवव्या दिवशी ती गेली. नऊ महिन्यांची पोर आजीच्या मांडीवर राहिली.

त्या वर्षी गावात आणखी अकराजण नारूनं पडले. वैशाखात सरकारी डॉक्टर आले. सोबतच्या लालसाब कंपाउंडरनं विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं. पांढरे बारके ठिपके उड्या मारत होते.

"दिसतात का? नारूचा पाय पाण्यात बुडला की पाय गार पडतो, आन् नारू आपली पिल्लं सोडतो. ती जातात ह्या किड्यांच्या पोटात, आन् किडे तुमच्या. वर्सानं पाय फुटतो."

"गाळलं तर?" मायाक्कानं विचारलं.

"चौपदरी फडकं लावा. किडा वरच ऱ्हातो."

"मागल्या वर्सी..." तिनं कडेवरच्या नातीला घट्ट धरलं. "मागल्या वर्सी कुनी पाय घातला असंल तर?"

"घातला असंल की कुनीतरी. त्याला हुडकून काय फाशी देता, मावशी?" लालसाब हसला. तिच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं पेला खाली ठेवला.

डॉक्टर म्हणाले, पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, पाणी दोरानं वरूनच ओढा. गाव खवळला. आसरांची वाट बुजवायची? म्हातारा शिवप्पा तिच्याकडं वळला, "पुजारीन तू हैस. तूच सांग, मायाक्का."

 कडेवरची नात बाळाबाईकडं देऊन ती पायऱ्या उतरली. पाण्याच्या वरच्या पायरीवर थबकली. आत पाय टाकला नाही. तिथूनच वाकून, हात लांबवून एकेक धोंडा तिनं पदरात घेतला. वर येऊन म्हणाली, "बुजवा. ह्याच पायानं म्या उतरले हुते. माझ्या अंबूला म्याच पाजलं."

 शिवप्पानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

पावसाआधी कठडा झाला. सात धोंडे त्याच्याच कडेला बसले. शुक्रवारी मायाक्कानं दोरानं पाणी ओढलं. अंबूच्या इरकली लुगड्याचा पदर चौपदरी करून घागरीच्या तोंडाला बांधला, पाणी गाळलं, आणि आधी आसरांना घातलं. "माफी करा बायांनो," ती पुटपुटली, "आजपास्नं तुमालाबी गाळूनच."

मग उरलेलं तीर्थ ओंजळीत घेऊन तिनं नातीच्या ओठांना लावलं. पोर घटाघटा प्याली. मायाक्का ओला पदर उलटवून उन्हात बघत बसली, त्यावर काय काय अडकलं ते.