पाच लिटरचा कॅन

“श्रीखंडाच्या शेजारी? आई, श्रीखंडाच्या शेजारी?” अबोली फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी होती.

“मग काय गच्चीवर वाळत घालू?” सासूबाईंनी, म्हणजे नीरजाबाईंनी, पांढरा कॅन पोटाशी धरला होता. पाच लिटरचा, नवाकोरा, वर चिठ्ठीवर त्यांचंच नाव. “कागदावर लिहिलंय, थंड जागी ठेवा. मे महिन्यात इंदूरला थंड जागा एवढी एकच आहे.”

“झाकण टाइट आहे न त्याचं,” प्रणव मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

“तू चूप बस!” त्याची आई आणि बायको एकदम ओरडल्या. सकाळपासून दोघींचं एकमत झालं ते एवढंच.

प्रणवच्या वडिलांनी, विजयरावांनी, वर्तमानपत्राची घडी घातली. भांडण त्यांना सोसत नसे, आणि हे तर लघवीवरून चाललेलं. ते उठले, माळ्यावरून जुना पाण्याचा कॅम्पर काढला, कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला, कॅम्परमध्ये कॅन बसवला आणि तो बाथरूमबाहेर ठेवून दिला. “बर्फाचं मी बघतो,” ते म्हणाले. घरात शांतता झाली. पुढचा सगळा घोळ या शांततेतून झाला.

प्रकरण तीन वर्षांचं होतं. नीरजाबाईंना अधूनमधून काहीतरी होई. छाती धडधडे, घाम फुटे, बीपी एकशेनव्वदला जाई आणि वीस मिनिटांत सगळं ओसरे. घरातल्यांचं निदान केव्हाच ठरलेलं होतं: स्वभाव. “आईचं डोकं सटकलं,” प्रणव म्हणे. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं, सुदामा नगरच्या वसुंधराताईंचंही मत तेच, आणि त्यांना तर नीरजाबाईंचा स्वभाव परकरात असल्यापासून ठाऊक.

मग तुकोगंजमधल्या हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. डॉ. पलक. वयाने अबोलीएवढी मुलगी, पण ऐकून घेणारी. ती म्हणाली, मूत्रपिंडाच्या डोक्यावर छोटी ग्रंथी असते, क्वचित कुणाला तिच्यात गाठ होते, आणि ती गाठ मनात येईल तेव्हा रक्तात हॉर्मोन ओतते. गाठ असेल तर ऑपरेशनने हे थांबू शकतं. त्यासाठी आधी चोवीस तासांची लघवी गोळा करायची, एक थेंब न सांडता. ही दुर्मीळ गाठ असलेल्या पेशंटांचा ती अभ्यासही करत होती. नीरजाबाईंनी त्यात नाव द्यायला लगेच सही केली.

घरी येऊन त्यांनी अकरा फोन केले. “मी रागीट नाहीच मुळी. माझी गाठ रागीट आहे!”

आता विजयरावांविषयी. हा माणूस पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं एका टाकीवर होता. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून डोंगर चढून शहरात यायचं, टाकीत पडायचं आणि टाकीतून लोकांच्या नळाला जायचं. संध्याकाळी टाकी भरलेली असली की पहाटे कॉलनीत पाणी. नसली की पहाटे कॉलनी विजयरावांच्या दारात. “भिया, आज फिर कम?” एवढं ऐकायला लागू नये म्हणून या माणसाने उभं आयुष्य टाकीची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बघत काढलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी घरात अर्धं भांडं त्यांना बघवत नसे. माठ काठोकाठ, फिल्टर काठोकाठ, अबोलीची ऑफिसची बाटली इतकी भरलेली की उघडली की अर्धी ओढणीवर. चहा तर बशीत घेऊनच कप उचलायचा.

असा माणूस शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बर्फ बदलायला कॅम्परपाशी वाकला. कॅन त्याने उजेडात धरला. सकाळी सातपासून अकरा तास होऊन गेले होते, आणि पाणी, म्हणजे जे काय होतं ते, जेमतेम एक लिटरच्या खुणेवर.

त्यांनी हिशेब केला. उद्या सकाळी सातपर्यंत दोन लिटर. कॅन पाचचा! डॉक्टर उगाच का पाचचा कॅन देतील? नीरजा पाणी कमी पिते, तीस वर्षं सांगतोय. रिपोर्ट यायचा ‘अपुरा’. परत तो कॅन, परत ते श्रीखंड.

विजयरावांनी इकडेतिकडे पाहिलं. नीरजाबाई भाजी निवडत होत्या. थेट कॅनमध्ये करू नका, आत औषध आहे असं कागदावर होतं, म्हणून त्यांनी शिस्तीत मोरीतला जुना मग घेतला आणि बाथरूमची कडी लावली.

त्या संध्याकाळी ते चार ग्लास पाणी प्यायले, वर तीन ग्लास ताक. रविवारी सकाळी सातला कॅनमध्ये चार लिटर आठशे होतं. टाकीवर असते तर त्यांनी अधिकाऱ्याला फोन करून कळवलं असतं.

पाच दिवसांनी दोघं क्लिनिकमध्ये बसली होती. डॉ. पलकने रिपोर्ट एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, मग चष्म्यावरून नीरजाबाईंकडे बघितलं.

“आंटीजी, आप पहलवानी करती हैं क्या?”

“मी?” नीरजाबाईंचं वजन त्रेपन्न किलो.

डॉक्टरने समजावलं. लघवीत क्रिएटिनिन नावाची गोष्ट असते, ती स्नायूंतून येते. ज्याचे स्नायू जास्त, त्याचं क्रिएटिनिन जास्त, म्हणून गोळा केलेलं बरोबर आहे की नाही ते त्यावरून कळतं. “इतना तो आपका हो ही नहीं सकता. ये तो दो लोगों का है.”

नीरजाबाई वळल्या. विजयराव भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे फार लक्ष देऊन बघत होते.

“अहो.”

“लेवल कमी थी, डॉक्टर साहब,” विजयराव चित्रालाच म्हणाले.

मग जे झालं ते बाहेर बसलेल्या सात पेशंटांनीही ऐकलं. “अहो, ती टाकी होती का? ती माझी लघवी होती! चोवीस तास मी केळं नाही खाल्लं, कॉफी नाही प्यायले, बहिणीकडच्या पूजेला नाही गेले, आणि तुम्ही त्यात… आपलं… शी! अकरा लोकांना फोन केलेत मी!” नीरजाबाई लालभडक झाल्या होत्या. डॉक्टरने तेवढ्यात बीपी घेतलं. एकशेपन्नास.

“देखिए, गुस्से में भी इतना ही है,” डॉ. पलक कोड्यात पडल्यासारखी म्हणाली.

“तेच न,” विजयराव म्हणाले. आता मात्र ते डॉक्टरकडे बघत होते. “हा तिचा राग आहे. रागात ती लाल होते आणि बोलते. ते दुसरं येतं तेव्हा ती पांढरी पडते. एकदम सफेद, चुन्यासारखी. आणि एक शब्द बोलत नाही. पिठाच्या डब्यासाठी खाली वाकली की बरेचदा. दिवाळीपासून चौदा वेळा झालं. सगळ्यात लांबलेलं बावीस मिनिटं.”

नीरजाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो घड्याळ लावून बसतो हे त्यांना आजच कळत होतं.

डॉ. पलकने भराभर लिहून घेतलं. सफेद, झुकने पर, चौदा. “अंकलजी, ये पहले क्यों नहीं बताया?”

“कुणी विचारलं नाही.”

खराब झालेल्या नमुन्यांसाठी तिच्या अभ्यासाच्या तक्त्यात वेगळा रकाना होता. तिथे तिने कारण लिहिलं, आणि लिहिताना तिचे खांदे हलत होते. “आंटीजी, टेस्ट दुबारा करनी पड़ेगी. ज़रूर कीजिए.”

“आता मला नाही करायची,” घरी पोचताच नीरजाबाईंनी पर्स सोफ्यावर टाकली. “एकदा हसं झालं तेवढं पुरे.”

“राहू दे न मग,” प्रणव म्हणाला. “स्वभावच आहे आई तुझा. आता सिद्ध झालं.”

“काही सिद्ध नाही झालं,” अबोली म्हणाली. “पण करायचंच असेल तर तो कॅन फ्रिजमध्ये नको, मी आधीच सांगून ठेवते.”

“फ्रिजमध्ये नको, बाहेर ठेवला तर हे भरतात! जाऊ कुठे मी तो कॅन घेऊन?” नीरजाबाई लाल व्हायला लागल्या.

विजयराव उभे राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात या घरातला एकही निर्णय त्यांनी बोलून दाखवला नव्हता, त्यामुळे ते उभे राहिले ते पाणी प्यायला असंच सगळ्यांना वाटलं.

“शनिवारी सकाळी सातपासून टेस्ट परत होईल,” ते म्हणाले. “कॅन फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात. श्रीखंड आणायचं नाही. पिठाचा डबा आजपासून ओट्यावर. आणि मी रविवारी सकाळपर्यंत महूला माझ्या भावाकडे राहणार आहे.”